तोवरचं पीठ

लोधीखेड्याच्या बसथांब्यावर सकाळी नागपूरच्या गाडीची वाट बघणाऱ्यांत तिकडे कायमचं राहायला निघालेलं कुटुंब लांबूनच ओळखू येतं. दवाखान्याला, कोर्टाला किंवा बाजाराला निघालेल्याच्या हातात पिशवी असते. राहायला निघालेल्यांच्या पायाशी चुंगडी असते. सुतळीनं तोंड आवळलेल्या त्या चुंगडीत पीठ, तुरीची डाळ, लाल तिखट, झालंच तर वर्षाच्या लोणच्याची बरणी फडक्यात गुंडाळून. बाजूला बादली, बादलीत भांडी, आणि भांड्यांतून तव्याचा दांडा वर आलेला. देवाचा फोटो मात्र या पसाऱ्यात नसतो. तो घरातल्या बाईनं नव्या साडीच्या घडीत घालून मांडीवर घेतलेला असतो. बहुतेकदा जामसावळीचा मारोती, कधी शेगावचे गजानन महाराज, कधी ताजुद्दीन बाबा.

‘‘तिकडं सोय झाली का?’’ थांब्यावरचं कुणीतरी विचारतंच.

‘‘होईन ना. देव हाये.’’ आणि एक आवंढा गिळून लगेच पुढचं वाक्य येतं, ‘‘पंधरा दिवसाचं पीठ घेतलं सोबत.’’

ही दोन वाक्यं एकापाठोपाठ बोलताना कुणालाही अवघडल्यासारखं होत नाही. पहिल्या वाक्यावर एवढा भरवसा असेल तर दुसरं कशाला, असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर बाई हसेल, आणि विचारणाऱ्यानं कधी गाव सोडलेलं नाही हे तिला कळून चुकेल.

सौंसर तालुक्याच्या या भागातली माणसं नागपूरला ‘परगाव’ म्हणत नाहीत. तसं म्हणायचं कारणही नाही. दीड-दोन तासांचा रस्ता. १९५६ पर्यंत नागपूर हीच राजधानी होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या. नागपूर आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात गेलं, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला, तरी लग्नं जुळवताना, संत्री विकताना, मोठ्या दुखण्याचा डॉक्टर गाठताना माणसांचं तोंड नागपूरकडेच असतं. घरात मराठी, सरकारी कागद हिंदीत, आणि पोरगं शिकून कामाला लागणार ते नागपुरात. अंतर थोडं, पण मध्ये राज्याची हद्द. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही सोय येईपर्यंत सौंसरचं रेशनकार्ड हद्दीच्या अलीकडेच थांबायचं. मारोतीच्या फोटोला अशी अडचण कधीच नव्हती. नव्या शहरात पहिल्या दिवसापासून चालणारा कागद म्हणायचा तर तो एवढाच.

मराठीनं या बाबतीत आपली सोय आधीच करून ठेवली आहे. चोच दिली तो चारा देईल, ही एक म्हण. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ही दुसरी. पहिली माणूस स्वतःबद्दल बोलताना वापरतो, दुसरी शेजाऱ्याबद्दल. पोटापाण्याचं काही न ठरवता स्वतः शहरात गेलं की ती श्रद्धा, आणि मेहुणा गेला की आळस.

या दोन म्हणींच्या मधोमध एक अख्खा संसार उभा राहिला होता, आणि त्याचा एक मुक्काम नागपुरातही होता. कोकणातल्या करजगावात जन्मलेले नारायण वामन टिळक १८९१ च्या सुमारास नागपूरला आले. आप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयानं त्यांना संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. (बुटी हे नाव आज मराठी माणसाला ठाऊक आहे ते शिर्डीमुळे. साईबाबांची समाधी ज्या वाड्यात आहे तो नागपूरच्याच बापूसाहेब बुटींनी बांधलेला.) टिळक कवी, वक्ते, तापट, आणि एका गावात फार दिवस न टिकणारे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. गप्पा कवितेवरून निघाल्या आणि धर्मावर गेल्या. गृहस्थानं ‘नवा करार’ त्यांच्या हाती ठेवला. दोन वर्षांच्या आत, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचा देवावरचा भरवसा हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला ठळक विषय आहे. तो भरवसा घरात कसा दिसायचा, हे मात्र त्यांच्या पत्नीमुळे समजतं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत आलं. त्यातले टिळक अचानक उठून घराबाहेर पडतात, खिशातलं देऊन टाकतात, अनाथ पोरांना घरी घेऊन येतात. आलेल्याला जेवायला काय वाढायचं, हा प्रश्न चुलीपाशी बसलेल्या बाईचा. लक्ष्मीबाई हे सांगताना कुढत नाहीत. उलट इतक्या मिश्कीलपणे सांगतात की वाचणारा आधी हसतो, आणि पुढच्या पानावर गेल्यावर त्याच्या ध्यानात येतं की त्या दिवशी घरात खरोखरच काही नव्हतं.

नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा त्यांचं वय सव्वीस. मूल पदरात. पुढची चार-पाच वर्षं त्या नातलगांच्या आधारानं राहिल्या, बराच काळ पंढरपुरात. विठ्ठलाच्या गावात राहायचं, आणि नवरा ख्रिस्ताचा झालेला. टिळकांना नवा देव आणि नवी माणसं मिळाली होती. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला या व्यवहारातून एक बिऱ्हाड कमी झालं एवढंच आलं. पुढे त्या नगरला नवऱ्याकडे गेल्या तेव्हा सोवळं बरोबर घेऊन गेल्या. चूल वेगळी, पाणी वेगळं. त्यांच्या वडिलांच्या घरी सोवळ्याचं वेड टोकाला गेलेलं होतं, तेव्हा हे त्यांना माहेरूनच आलेलं. मग एका दिवशी, कुणाचं प्रवचन न ऐकता, एकटीनं विचार करताना त्यांनी स्वतःला विचारलं, जाती देवानं केल्या की माणसानं? उत्तर मिळालं, आणि त्यांनी कुणाच्याही हातचं अन्नपाणी घ्यायला सुरुवात केली. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. ही कथा वाचताना असं वाटत राहतं की नवरा ज्या ठिकाणी उडी मारून पोचला तिथं बायको पायी चालत गेली, आणि वाट तिला जास्त कळली.

नगरच्या घरात पुढे बालकवी ठोमरे येऊन राहिले. आणखी कितीतरी येऊन राहिले. आणि १९१७ मध्ये, वय पंचावन्न असताना, टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून दिली. देव देईल त्यावर राहायचं ठरवून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी सुरू केली. पंचावन्नाव्या वर्षी पगार सोडून नव्या गावी जाणारा नवरा ज्या बाईनं पाहिला आहे, तिला ‘श्रद्धा’ या विषयावर बोलायचा अधिकार इतर कुणाहूनही जास्त आहे. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या. पुन्हा नवी गावं: मुंबई, मग मुलाबरोबर कराची, शेवटी नाशिक. कराचीसारख्या शहरात नव्यानं राहायला गेलेली, शाळेत फारशी न गेलेली ही बाई मराठीतलं एक अव्वल आत्मचरित्र लिहून गेली.

हिशेब ठेवणारी दुसरी बाई पंडिता रमाबाई. त्यांनी तर हा भरवसा दोन टोकांनी पाहिला.

पहिलं टोक बालपणी. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे पंडित. तीर्थामागून तीर्थ फिरायचं, पुराण सांगायचं, मिळेल त्यातलं बरंचसं दानधर्मात घालायचं, असा त्यांचा क्रम. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा गाठीचे पैसे अनुष्ठानांत आणि दक्षिणा देण्यात संपले. देव प्रसन्न होईल म्हणून थांबून राहिले. भीक मागायची लाज, अंगमेहनतीचं काम जातीच्या अभिमानाला न झेपणारं. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलं आहे की एकदा अकरा दिवस ते कुटुंब पाणी आणि झाडाची पानं यांवर जगलं. आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. उरलेली दोघं, रमा आणि भाऊ श्रीनिवास, पायी हिंदुस्थान तुडवत निघाली. भिजवलेले दाणे आणि चिमूटभर मीठ हे जेवण. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत माणूस मावेल असे खड्डे खणले, आत शिरून डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. पांघरूण म्हणून वाळू. १८७८ मध्ये ही भावंडं कलकत्त्याला पोचली तेव्हा तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पदवी देणाऱ्यांतल्या कितीजणांना त्या वाळूची कल्पना असेल, कोण जाणे.

दुसरं टोक पुण्याजवळच्या केडगावला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी रमाबाईंचं ‘शारदा सदन’ निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशननं त्याला दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं होतं. आता बघा, दहा वर्षांची हमी हाती असताना बहुतेक संस्थाचालक काय करतात? नवव्या वर्षी जागे होतात. रमाबाईंनी मुदत संपायच्या कितीतरी आधी केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली आणि फळझाडं लावून टाकली, की मुदत सरेल तोवर झाडं धरायला लागावीत. आंबे, लिंबं आणि संत्री. पांढुर्ण्याच्या बागायतदाराला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. संत्र्याचं कलम लावणारा पहिली चार-पाच वर्षं फक्त घालत असतो. पाऊस देवाच्या हाती हे तोही मानतो आणि विहिरीवरची मोटर तोही दुरुस्त करून घेतो.

याच रमाबाई जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचून भारावल्या होत्या. ब्रिस्टलच्या या माणसानं आयुष्यभरात दहा हजारांहून जास्त अनाथ मुलं सांभाळली आणि कुणापुढे हात पसरला नाही, पैशांसाठी फक्त प्रार्थना केली. ही गोष्ट जगभर सांगितली जाते. तिच्यातला एक तपशील तेवढा वगळला जातो: म्युलर दर वर्षी संस्थेचा छापील अहवाल काढत असे, पै-पैच्या जमाखर्चासह. हात पसरला नाही हे खरंच; पण हात रिकामा आहे की भरलेला, हे दर वर्षी सगळ्यांना वाचायला मिळत होतं. यात ढोंग शोधायची गरज नाही. देवाकडून येतं ते कुणाच्या तरी हातून येतं, आणि त्या हाताला पत्ता ठाऊक असावा लागतो.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आजचा पांढुर्णा जिल्हा त्याच प्रांतातला. लहानपणीची उपासमार अंगात मुरलेल्या रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि दुष्काळातल्या शेकडो मुलींना घेऊन परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती; एवढ्या मुली शहरात ठेवायला मनाई झाली. मग झाडं लावलेलं ते केडगावचं शेत कामाला आलं. तात्पुरत्या झोपड्या उभ्या राहिल्या, आणि त्यातून ‘मुक्ती’ संस्था. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या मुली-बायांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, माग घातले, तेलाची घाणी, गोठा आणि छापखाना उभारला. प्रार्थना पहाटेपासून, आणि कामही. मध्य प्रांतातल्या कुठल्या तरी खेड्यातून आलेली दहा-बारा वर्षांची पोर, मागे कुणी उरलेलं नाही, भाषा निराळी, समोर अनोळखी माळ आणि पांढऱ्या साडीतली एक बाई. तिच्या लेखी देव कुणाच्या रूपात आला हे तिला विचारायला हवं होतं. तिनं बहुधा आधी भाकरी मागितली असती.

सगळ्यांना रमाबाई भेटत नव्हत्या. पुण्या-नाशकात शिकायला गेलेल्या गरीब ब्राह्मण मुलांसाठी ‘वार लावून जेवणं’ ही पद्धत होती. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. आईनं निघताना ‘देव तुझं बघेल’ म्हटलेलं असायचं, आणि देव खरोखरच सात घरांत वाटून पोराचं बघायचा. एखाद्या घरी वाढणाऱ्या हाताला कंटाळा यायचा, एखादा वार कधी भरलाच नाही तर त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचं. पण ही सात दारं जातीनं मोजून ठेवलेली होती. इतरांची पोरं शहरात आली तर त्यांना सोमवारही नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं काढायला घेतली ती याचसाठी.

आणि विदर्भातल्याच गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात गाडगं, मुक्कामाचं गाव कुठलंच नाही. पण पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई, जिथं जिथं परका माणूस रात्री रस्त्यावर पडायचा तिथं तिथं त्यांनी धर्मशाळा बांधून घेतल्या. स्वतः त्यांत राहिले नाहीत. देव देवळात नाही म्हणणाऱ्या माणसानं देवाच्या नावावर सोडून दिलेल्या लोकांना छप्पर दिलं. त्यांच्या मागे राहिलेल्या आई, बायको आणि लेकींनी कसे दिवस काढले, याचं कीर्तन मात्र कुणी करत नाही. तिथंही ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारं कुणी असतं तर बरं झालं असतं.

आजचं लोधीखेड्याचं कुटुंब नागपुरात उतरतं तेव्हा त्याला वार लावायचे नसतात आणि धर्मशाळाही नको असते. किरायाची खोली हवी असते. येता येता सावनेरच्या पुढे वाकीचा फाटा लागतो तेव्हा बसमधले दोन-चार हात कपाळाला जातात. ताजुद्दीन बाबा काही काळ वाकीला राहिले होते. त्याआधी बरीच वर्षं नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात, जिथं त्यांना १८९२ मध्ये भरती केलं होतं. हिंदू काय, मुसलमान काय, भेटायला येणाऱ्यांची तिथंही रीघ लागायची. शहरात शिरल्यावर स्टेशनाजवळचा टेकडीचा गणपती. नव्या आलेल्याला तिथं आणण्याची जबाबदारी आधी आलेल्या नातलगाची. खरं तर पत्ता घेऊन स्टँडवर उभा राहणारा तो मावसभाऊ किंवा साळा, त्याच्यापासूनच नव्या शहरातली सगळी सोय सुरू होते: खोली कुणाची, डिपॉझिट किती, दळण कुठं स्वस्त, कंपनीच्या गेटवर सकाळी किती वाजता उभं राहायचं. पहिल्या रात्री फोटो भिंतीला लागतो. घरमालक खिळा ठोकू देत नसेल तर फळीवर. आणि चुंगडीचं तोंड सुटतं.

पीठ चाळताना बाई वरच्यावर हातानं अंदाज घेते. कागदावर काही नसतं, पण कुठल्या तारखेला ते संपेल हे तिला त्याच वेळी कळलेलं असतं. त्या तारखेच्या आत नवऱ्याचा पहिला पगार यायला हवा. तो येईल असा तिचा देवावर भरवसा आहे. नवऱ्यावर आहे की नाही, ते ती फोटोसमोर बोलत नाही.

गंमत म्हणजे ज्या रस्त्यानं ही माणसं जातात त्याच रस्त्यानं दुसरी येतात. सौंसरजवळच्या बोरगावात १९९१ पासून रेमंडची कापड गिरणी आहे, आजूबाजूला इतर कारखाने उभे राहिले. लांबलांबच्या जिल्ह्यांतली पोरं तिथं कामाला आली, नवी लग्नं झालेली जोडपी आली. त्यांच्याही पायाशी पोती असतात, त्यांच्याही मांडीवर कुणीतरी देव असतो. नाव आणि भाषा तेवढी वेगळी. लोधीखेडा-सौंसरकडच्या ज्या घरांतली मुलं नागपुरात किरायानं राहतात, त्याच घरांतल्या मागच्या खोल्या इकडे किरायानं जातात. मावशी दारात उभी राहून सामान उतरताना बघते. गॅस आहे का, विचारते. नाही म्हटलं की हिंदी-मराठीच्या सरमिसळीत सांगते, ‘‘आज आमच्याकडेच जेवून घ्या. उद्यापासून तुमचं तुम्ही पाहा.’’

महिन्याचा अॅडव्हान्स तिनं त्याआधीच घेऊन ठेवलेला असतो.